अंथरुणात शू होते त्या पोराला ओरडण्याआधी

माझा मुलगा सात वर्षांचा असताना एक दिवस वॉशिंग मशीनच्या मागून वास येतोय म्हणून हात घातला तर चार चड्ड्या निघाल्या, गोळा करून कोंबलेल्या, त्यातली एक वाळून पार कडक झालेली. तो माझ्या आधी उठायचा, ओली चड्डी तिथे टाकायचा, दुसरी घालायचा, गादीच्या ओल्या जागेवर उशी ठेवायचा आणि परत डोळे मिटून पडायचा. मी त्याला या गोष्टीवरून कधी मारलं नव्हतं, पण रोज सकाळी "आज पण?" एवढं मात्र म्हणायचे. त्या दोन शब्दांनी काय केलं होतं ते मला त्या चड्ड्या हातात आल्यावर कळलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्यानंतर वर्षभर मी या विषयाच्या मागेच लागले, आधी आमचे मुलांचे डॉक्टर, मग त्यांनी पाठवलं म्हणून लहान मुलांच्या युरॉलॉजीच्या (म्हणजे लघवीच्या त्रासांच्या) डॉक्टर, शिवाय वाचन. हे सगळं सोप्या भाषेत लिहून ठेवते कारण आपल्याकडे यावर कुणी बोलत नाही, बोललं तरी कुजबुजत, आणि तोपर्यंत पोराने मार खाल्लेला असतो.

आधी आकडे सांगते, मला आकड्यांनीच पहिला धीर आला. पाच वर्षांच्या मुलांमध्ये साधारण १५ टक्के मुलांची रात्री अंथरुणात शू होते. सातव्या वर्षी ते १० टक्क्यांच्या आसपास येतं, दहाव्या वर्षी ५ टक्के, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पुढेही शंभरात एखाद-दुसरा राहतोच. म्हणजे दुसरीच्या ४० मुलांच्या वर्गात अशी चार मुलं असतात आणि प्रत्येकाला वाटत असतं की आपण एकटेच! मुलग्यांमध्ये हे मुलींच्या दुप्पट दिसतं. ज्यांना होतं त्यातल्या साधारण १५ टक्के मुलांचं दर वर्षी काहीही न करता आपोआप थांबतं. आणि पाच वर्षांच्या आतलं पोर असेल तर डॉक्टर त्याला आजार वगैरे म्हणतच नाहीत, तीन-चार वर्षांच्या पोराच्या ओल्या गादीचं टेन्शन घेऊच नका.

आता शरीरात काय होतं ते बघू. किडनी दिवसरात्र लघवी बनवतात, ती खालच्या पिशवीत साठते, पिशवी भरत आली की मेंदूला निरोप जातो, मेंदू म्हणतो थांब जरा, आणि मग आपण उठून बाथरूममध्ये जातो. तान्ह्या बाळात हे थांब म्हणणारं तयारच नसतं, भरली की रिकामी. दोन ते चार वर्षांच्या दरम्यान दिवसाचं जमायला लागतं आणि रात्रीचं सगळ्यात शेवटी, कारण रात्री तीन गोष्टी एकाच वेळी जमून याव्या लागतात: लघवी कमी बनायला हवी, पिशवीत ती रात्रभर मावायला हवी, आणि नाहीच मावली तर जाग यायला हवी. अंथरूण ओलं होणाऱ्या पोरात या तिन्हीतलं काही ना काही मागे पडलेलं असतं, एखाद्यात एक, एखाद्यात दोन. म्हणूनच शेजारच्या बाईंच्या मुलाला जे औषध लागू पडलं ते तुमच्या मुलाला पडेलच असं नाही.

पहिली गोष्ट लघवी कमी बनण्याची. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्यातून व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन सुटतं. ते किडनीला सांगतं की पाणी बाहेर सोडू नको, परत रक्तात ओढून घे. हे हार्मोन रात्री वाढतं म्हणून रात्री लघवी कमी बनते आणि घट्ट बनते, सकाळची पहिली शू पिवळी दिसते ती त्यामुळेच. १९८० च्या दशकात डेन्मार्कमधल्या ऑर्‌हूसच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की शू होणाऱ्या बऱ्याच मुलांमध्ये हे हार्मोन रात्री वाढायला हवं तसं वाढतच नाही, म्हणजे त्यांच्या किडन्या मध्यरात्रीही भर दुपारसारखं काम करत असतात. अशा मुलांची गादी कशी भिजते ते आईला माहीत असतं, थेंब दोन थेंब नाही, चादर, गोधडी, खालची सतरंजी, सगळं.

दुसरी गोष्ट पिशवीची. मुलाच्या पिशवीत किती मावायला हवं याचा डॉक्टर लोकांचा एक सोपा हिशोब आहे, वयात एक मिळवायचा आणि त्याला ३० ने गुणायचं, तेवढे मिली. सात वर्षांच्या मुलाचे २४० मिली झाले. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की शनिवार-रविवार दोन दिवस प्रत्येक शू मोजा, वेळ लिहा, किती पाणी प्यायला तेही लिहा. मग आम्ही किचनमधला मापाचा प्लास्टिकचा मग बाथरूममध्ये नेऊन ठेवला (तो मग परत किचनमध्ये आला नाही) आणि माझा लेक अगदी शास्त्रज्ञासारखा दर वेळी ओरडून आकडा सांगायचा, "आई नव्वद! आई एकशे दहा!" त्याला पहिल्यांदा या विषयात मजा वाटली. दोन दिवसांत सकाळची पहिली सोडली तर एकदाही १३० च्या वर गेला नाही. रात्रीची किती बनते ते बघायला डायपर घालायचा आणि सकाळी काट्यावर वजन करायचं, ओल्यातून कोरड्याचं वजन वजा केलं की जितके ग्रॅम तितके मिली, त्यात सकाळची पहिली शू मिळवायची. ही बेरीज पिशवीच्या अपेक्षित मापाच्या १३० टक्क्यांच्या वर गेली तर रात्री लघवी जास्त बनतेय असं धरतात. आमची २३० च्या आसपास आली. म्हणजे लघवी जास्त बनत नव्हती, पिशवीच लवकर "भरले भरले" म्हणत होती. दोन दिवसांच्या या वहीने जे कळलं ते आम्हाला दोन वर्षांत कळलं नव्हतं, आणि खर्च शून्य.

तिसरी गोष्ट जाग येण्याची. "अहो कुंभकर्ण आहे, ढोल वाजवले तरी उठत नाही" हे प्रत्येक आई सांगते आणि ते खरंच आहे. कॅनडात नव्वदच्या दशकात मुलांना झोपेत हेडफोनमधून वाढत्या आवाजाचे टोन ऐकवून बघितले, तर अंथरूण ओलं करणारे मुलगे १०० पैकी जेमतेम ९ वेळा उठले आणि बाकीचे मुलगे ४० वेळा. पण याचा अर्थ त्यांची झोप छान गाढ असते असा लावू नका. २००८ मध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांनी त्रास जास्त असणाऱ्या मुलांची झोप मशीनवर तपासली तेव्हा दिसलं की त्यांचा मेंदू रात्रभर सारखा अर्धवट चाळवत असतो, पण पूर्ण जाग काही येत नाही. पिशवी सारखी दार वाजवतेय आणि आतला माणूस कूस बदलून परत झोपतोय असं समजा. माझा मुलगा मला म्हणायचा, "आई मी खरंच बाथरूममध्ये गेलो होतो गं, स्वप्नात." मला तेव्हा ती थाप वाटायची.

आता आनुवंशिकतेचं सांगते, आणि ते मला आमच्या घरातच सापडलं. डॉक्टरांनी विचारलं की आईवडिलांपैकी कुणाला लहानपणी होतं का, मी म्हटलं नाही, नवरा पण म्हणाला नाही. घरी आल्यावर मी भाजी निवडत असताना सासूबाईंनी हळूच दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं त्याचं सहावीपर्यंत होतं. मी रोज पहाटे गोधडी धुऊन मागच्या बाजूला वाळत घालायचे, पुढे नाही, चाळीत लोक बघतात म्हणून. ह्यांना कळू द्यायचे नाही." मी नवऱ्याला रात्री विचारलं तर तो बराच वेळ गप्प बसला. चाळिशीचा माणूस, आणि हे त्याने लग्नाच्या बारा वर्षांत मला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांसमोर पण नाही, कारण त्याच्यासाठी ती अजून लाज होती. दुसऱ्या दिवशी त्याने लेकाला गच्चीवर नेऊन सांगितलं की मला पण व्हायचं, अकरा वर्षांचा होईपर्यंत. लेक खाली आला तो पळतच, आणि मला म्हणाला, "बाबांना पण! बाबांना पण व्हायचं!" त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते कुठल्या गोळीने आलं नसतं.

तर आकडे असे आहेत. आईवडील दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के, एकाला असेल तर ४४ टक्के, आणि दोघांनाही नसेल तर १५ टक्के. जुळ्यांमध्येही तेच दिसतं, एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला असेल तर दुसऱ्याला असण्याचं प्रमाण वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांपेक्षा जवळपास दुप्पट. १९९५ मध्ये डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी पिढ्यान्‌पिढ्या त्रास असलेल्या कुटुंबांत शोध घेऊन तेराव्या क्रोमोझोमकडे (म्हणजे गुणसूत्राकडे) बोट दाखवलं, आणि २०२१ मध्ये पुन्हा डेन्मार्कमध्येच हजारो मुलांचा जनुकीय डेटा तपासला तेव्हा सहाव्या आणि तेराव्या क्रोमोझोमवरच्या जागा पुढे आल्या. म्हणजे एक कुठलं तरी "शूचं जीन" आहे असं नाही, छोटे छोटे बरेच वाटे मिळून हे होतं, कुणाचं हार्मोन उशिरा जागं होतं, कुणाची पिशवी, कुणाची झोप. डोळ्यांचा रंग मिळतो तसं हेही मिळतं. मग ज्याला ते आपल्याकडून मिळालं त्यालाच आपण ओरडतो, हे मला अजूनही टोचतं. म्हणून माझं सांगणं आहे की आपापल्या आईला जाऊन विचारा, आईला सगळं आठवत असतं.

शरीरातल्या अजून दोन गोष्टी आहेत ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. एक म्हणजे पोट साफ नसणं. शीची जागा आणि लघवीची पिशवी अगदी एकमेकींना चिकटून असतात, मागे शी साठून राहिली की ती पुढच्या पिशवीवर दाब देते, पिशवीला पसरायला जागाच मिळत नाही, शिवाय ती उगाच आकसायला लागते. १९८६ मध्ये मॉन्ट्रिअलच्या डॉक्टरांनी हे लिहून ठेवलंय तरी आजही पहिला प्रश्न हा विचारला जात नाही. मी पण म्हटलं होतं, "रोज जातो की तो." पण रोज जाणं म्हणजे रोज साफ होणं नाही. शेळीच्या लेंड्यांसारखी शी, किंवा एकदम मोठा कडक खडा, चड्डीला लागलेले डाग, पोट दुखतंय म्हणून जेवताना कुरकुर, यातलं काहीही असेल तर आधी ते बघा. आमच्या डॉक्टरांनी पाण्यात कालवून द्यायची पावडर दिली, ती दोन महिने दिली, भाकरी-पालेभाजी वाढवली, रोज संध्याकाळी जेवणानंतर दहा मिनिटं कमोडवर बसवायचं आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट ठेवायचा. आमच्याकडचा देवघरासमोरचा जुना पाटच कामाला आला. फक्त एवढ्याने आठवड्यातल्या सात रात्रींवरून चार रात्रींवर आलो, बाकी कुठलंही औषध सुरू व्हायच्या आधी.

दुसरी गोष्ट घोरण्याची. पोर तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो, दिवसा चिडचिड करतं, अशा मुलांचे टॉन्सिल किंवा नाकामागचे ॲडिनॉइड वाढलेले असू शकतात. श्वास अडकला की छातीतला दाब बदलतो, हृदयातून एक वेगळं हार्मोन सुटतं आणि ते किडनीला लघवी वाढवायला लावतं, वर झोपेची वाट लागते ती वेगळीच. अशा बऱ्याच मुलांचं ऑपरेशननंतर अंथरूण कोरडं राहायला लागतं. तेव्हा घोरणाऱ्या मुलाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.

आता मनाचं, कारण यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. "त्याच्या मनात काहीतरी भीती आहे", "लक्ष वेधून घ्यायला करतो", "लाडावलाय", हे मी सगळं ऐकलं. यात पहिला फरक करायचा तो असा, की मूल कधीच सलग सहा महिने कोरडं राहिलेलं नाही का, की सहा महिने किंवा जास्त काळ छान कोरडं होतं आणि मग परत सुरू झालं. पहिल्या प्रकारात मन हे कारण क्वचितच असतं, तिथे वर सांगितलेली शरीरातली कारणं आणि आनुवंशिकताच असते. दुसऱ्या प्रकारात मात्र काहीतरी घडलंय का ते शोधावं लागतं. घरात धाकटं बाळ आलं, शाळा बदलली, आईबाबांची रोजची भांडणं, आजी गेली, वर्गात कुणी छळतंय. आणि एक गोष्ट जड वाटली तरी लिहितेच: अचानक शू परत सुरू झाली, आणि पोर ठराविक माणसाकडे, ठराविक घरी किंवा ट्यूशनला जायला नाही म्हणतंय, अंगाला हात लावू देत नाहीये, तर त्याला शांतपणे जवळ घेऊन ऐका आणि जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा. मदत हवी असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. शू सुरू झाली म्हणजे असंच काहीतरी असणार असं अजिबात नाही, बहुतेक वेळा नसतं, पण बघायला हवं.

एडीएचडी (म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेल्या मुलांमध्ये हा त्रास जास्त दिसतो, दोन्हींची मुळं काही अंशी एकच असावीत असं जनुकांच्या अभ्यासातही दिसतं. अशा मुलाला शूचे उपचार करताना दोन्हीकडे एकत्र बघावं लागतं, नाहीतर पोर औषध घ्यायचं विसरतं, वहीत लिहायचं विसरतं आणि आपण त्याच्यावर चिडतो.

बाकी मनावर परिणाम होतो तो शूमुळे होतो, आपण कारण आणि परिणाम उलटे धरतो. माझा लेक मे महिन्यात मामाकडे कोकणात जायला नाही म्हणायला लागला होता, तिथे ओसरीवर सगळी पोरं एका ओळीत झोपतात म्हणून, आणि आम्हाला वाटलं पोरगं माणूसघाणं होतंय. गादी कोरडी राहायला लागली की मुलांचा आत्मविश्वास परत वर येतो हे अभ्यासांत दिसलंय, मी घरातही बघितलं. ओरडून, उपाशी ठेवून, भावंडांसमोर चादर दाखवून, काही घरांत तर चटके देऊन (अशा बातम्या वाचून माझ्या पोटात गोळा येतो) कुणाचं व्हॅसोप्रेसिन वाढलेलं नाही. झोपेत झालेल्या गोष्टीसाठी शिक्षा झाली की पोराला एवढंच कळतं की झोपणं धोक्याचं आहे.

दिवसा शू होणं हा वेगळा भाग आहे आणि तो मुलींमध्ये जास्त दिसतो. माझ्या नणंदेच्या मुलीचं सांगते, दुसरीत होती, रोज शाळेतून येताना चड्डी ओलसर, आणि खेळताना मध्येच खाली बसायची, एक टाच बुडाखाली दाबून, चेहरा एकदम स्थिर. नणंदेला वाटायचं बुटाची लेस बांधतेय. ती टाच दाबून पिशवीचं तोंड अडवत होती, डॉक्टर लोकांना ही बसण्याची पद्धत बघताच ओळखू येते. झालं होतं असं की सकाळी सात ते दुपारी एक ती शाळेच्या बाथरूमला जातच नव्हती. कडी तुटलेली, पाणी नाही, वास, आणि तासाच्या मध्ये विचारलं तर "मधल्या सुट्टीत का नाही गेलीस?" सहा तास दाबून ठेवायचं म्हणून पाणी पण प्यायची नाही, बाटली भरलेली परत यायची. पाणी कमी, शू कमी, मग जळजळ, मग इन्फेक्शन, इन्फेक्शनने पिशवी अजून चिडते, मग अजून गळती, शिवाय शी पण दाबून ठेवल्याने पोट साफ नाही. अशी एक गोष्ट दुसरीत अडकत जाते.

त्यावर उपाय फार साधा निघाला, दर दोन-अडीच तासांनी, आली असो नसो, शूला जायचं, दिवसात पाच ते सात वेळा. शाळेत बाईंना भेटून सांगितलं की ही हात वर करेल तेव्हा न विचारता सोडा, बाईंनी खूप सांभाळून घेतलं. बसताना घाई नाही, लेगिन्स आणि चड्डी पूर्ण खाली, गुडघे लांब, पाय टेकलेले. कारण मुली अर्धवट कपडे खाली करून गुडघे जोडून बसल्या की थोडी लघवी मागे योनीमार्गात जाते आणि उठून चालायला लागल्यावर ती थेंब थेंब गळते, आईला वाटतं ही नीट करतच नाही. फक्त बसायची पद्धत बदलून काही मुलींची गळती बंद होते! काही मुलींना जोरात हसल्यावरच पूर्ण शू होते, बाकी वेळी काही नाही, तो एक वेगळाच छोटा प्रकार आहे, त्यालाही उपचार आहेत.

दिवसाही त्रास आणि रात्रीही त्रास असेल तर आधी दिवसाचं आणि पोटाचं बघायचं, रात्रीचं नंतर. हा क्रम आमच्या डॉक्टरांनी तीनदा सांगितला होता म्हणून मीही सांगते.

काही खुणा दिसल्या तर मात्र वाट बघत बसू नका. नुकतीच सुरू झालेली शू, त्यासोबत खूप तहान, रात्री उठून पाणी पिणं, वजन उतरणं, बाथरूममध्ये शूला मुंग्या लागणं, हे असलं तर त्याच दिवशी साखर तपासा, लहान मुलांचा डायबिटीस असा सुरू होऊ शकतो आणि त्यात दिवस घालवणं जिवावर बेतू शकतं. ताप, जळजळ, लाल रंगाची लघवी. मुलग्याची धार अगदी बारीक, जोर करून येणारी. मुलीची चड्डी चोवीस तास थोडी थोडी ओली, एकदाही कोरडी नाही, अशा वेळी किडनीची नळी चुकीच्या जागी जोडलेली असू शकते. कंबरेच्या खाली मणक्यावर केसांचा झुपका किंवा खोल खळगा, किंवा चालण्यात फरक. हे सगळं कमी मुलांत असतं पण असतं.

उपचारात सगळ्यात टिकाऊ काम करतो तो अलार्म. चड्डीला किंवा चादरीला एक सेन्सर, पहिला थेंब पडला की बेल वाजते. ही कल्पना जुनी आहे, अमेरिकेत मॉरर नावाच्या नवरा-बायकोने १९३८ मध्ये यावर लिहिलं होतं. तीनातल्या दोन मुलांना याचा उपयोग होतो, पण दोन ते तीन महिने चिकाटी हवी, आणि सुरुवातीचे आठवडे बेल वाजली की पोर सोडून सगळं घर उठतं. मी उठायचे, त्याला पूर्ण जागं करायचे, तोंडाला पाणी लावायचे, तो चालत जाऊन उरलेली शू करायचा, मग दोघं मिळून चादर बदलायचो. सतराव्या-अठराव्या रात्रीपासून भिजलेला गोल लहान व्हायला लागला, हे मी टॉर्च लावून बघायचे, बशीएवढा झाला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. अकराव्या आठवड्यात सलग १४ कोरड्या रात्री झाल्या. दिवाळीनंतर परत सुरू झालं, परत अलार्म लावला, दोन आठवड्यांत थांबलं. एका खोलीत सहा माणसं झोपतात तिथे हा अलार्म कठीण आहे हे मला कळतं, अशा घरी डॉक्टर बहुतेक गोळीचा विचार करतात.

गोळी म्हणजे डेस्मोप्रेसिन, त्या रात्रीच्या हार्मोनचंच बनवलेलं रूप. ज्यांची लघवी रात्री जास्त बनते त्यांना ती छान लागू पडते, सहलीला किंवा लग्नाला जायचं असेल तर फार उपयोगी, पण बंद केली की बऱ्याच मुलांचं परत सुरू होतं. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, गोळीच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी, दूध अगदीच घोटभर, कारण शरीरात पाणी साठून रक्तातलं सोडियम उतरू शकतं आणि झटके येऊ शकतात. उलट्या-जुलाब-ताप असेल त्या दिवशी गोळी नाही. म्हणून मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका. इमिप्रामिन नावाची जुनी गोळीही कुणाकुणाकडे असते, ती चुकून जास्त गेली तर हृदयावर परिणाम होतो, धाकट्या भावंडाच्या हाताला लागेल अशी ठेवूच नका.

घरगुती म्हणाल तर काळे तीळ आणि गूळ सगळ्यांनी सुचवला, आम्ही दिला, लेकाला आवडला, त्याने शू थांबत नाही पण खायला चांगलं आहे. संध्याकाळचा चहा-बिस्कीट मात्र बंद करा, कोल्ड्रिंक पण, त्यातल्या कॅफिनने पिशवी चाळवते. पाणी दिवसभरात तोडू नका, फक्त सकाळी आणि दुपारी जास्त, रात्री कमी. झोपायच्या आधी शू. मध्यरात्री उचलून नेल्याने चादर वाचते, पण पोर झोपेतच शू करतं त्यामुळे त्याला उठायची सवय लागत नाही, तुमची सोय म्हणून करा हवं तर. गादीवर प्लास्टिकची शीट, त्यावर दोन चादरी एकावर एक घालून ठेवा म्हणजे रात्री वरची काढली की झालं.

गेल्या महिन्यात नवऱ्याच्या चुलत बहिणीचा फोन आला होता, मुलगा सहा वर्षांचा, "वहिनी, कुणाला सांगू नका पण..." असं सुरू झालं. मी तिला वही, मापाचा मग, पाट सगळं सांगत होते. नवरा शेजारीच बसला होता, त्याने हात पुढे करून फोन मागून घेतला आणि म्हणाला, "त्याला दे जरा." मग फोन घेऊन गॅलरीत गेला आणि त्या पोराशी दहा-पंधरा मिनिटं बोलत उभा होता.